दिवाळीच्या गर्दीआधी

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

गुडघ्याचे टाके निघाले, पण डॉक्टर अजून महिनाभर नेरळहून वर माथेरानला येऊ देणार नाहीत. म्हणजे यंदा दिवाळीत पाहुण्यांना घोड्यावरून फिरवायचं काम तुझ्यावर. घोड्यांची तुला माझ्याइतकीच पारख आहे, त्यांच्याबद्दल मी काही सांगत नाही. सामानाबद्दल मात्र लिहितो. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा काढलेल्या सामानाची मला कायम धास्ती वाटते.

खोगिरं जूनपासून टांगलेली आहेत. माथेरानच्या धुक्यात चामड्यावर पांढरी बुरशी धरते आणि ती पुसली की पट्टा नव्यासारखा दिसतो. त्यावर विसंबू नकोस. बक्कल बसतं त्या भोकापाशी प्रत्येक पट्टा दुमडून बघ. बारीक भेगा दिसल्या तर तो पट्टा सरळ बाजूला टाक, पैशाचा विचार करू नकोस. टाके नखाने खेचून बघ, कारण चामड्याआधी दोरा कुजतो. रिकिबीचा पट्टा खोगिराच्या लोखंडी कडीतून जिथे वळतो, ती जागा झडपेखाली, म्हणजे खोगिराच्या बाजूला लोंबणाऱ्या चामड्याखाली, झाकलेली असते आणि रिकिबीत पाय टाकून चढणाऱ्याचा सगळा भार तिथेच येतो. झडप उचलून उजेडात बघ. ओलं चामडं चुलीपाशी वाळवू नकोस, कडक होऊन तडकतं. सावलीत वाळव, मग हलकं तेल दे.

खोगिराचा सांगाडाही तपास. खोगीर मांडीला टेकवून पुढचं आणि मागचं टोक एकमेकांकडे दाब. मधेच मोडल्यासारखं वाकलं किंवा करकरलं, तर आतला सांगाडा गेला असं समज. वरून काही दिसत नाही, पण घोड्याच्या पाठीला टोचत राहतं आणि एरवी शांत असलेलं जनावर अचानक उसळतं. मग लोक म्हणतात, घोडा खोडकर आहे.

खालचं ब्लँकेट झटकून, उलटसुलट हात फिरवूनच घाल. गवताची एक कुसळसुद्धा दिवसभर पाठ सोलते. ब्लँकेट आधी मानेकडे थोडं पुढे ठेवून मागे सरकव, म्हणजे केस सरळ बसतात. खांद्यावरच्या उंचवट्यापाशी ते खोगिरात वर ओढून घे, तिथे हवा खेळली पाहिजे.

आता तंग, म्हणजे खोगीर धरून ठेवणारा पोटाखालचा पट्टा. आपला राजा घोडा तंग बांधताना पोट फुगवतो हे तुला माहीत आहे. म्हणून पहिल्याच झटक्याला करकचून आवळायचा नाही. बेताचा बांध, दहा-वीस पावलं चालव आणि मग दोन्ही बाजूंनी एकेक भोक वर घे. तंगाखाली दोन बोटं जेमतेम शिरली पाहिजेत. त्यानंतर पुढचा एकेक पाय उचलून हळूच पुढे ओढ, म्हणजे तंगात अडकलेली कातडी मोकळी होते. काखेतल्या जखमा बहुतेक त्या चुणीमुळेच होतात. पाहुणा बसल्यावर पुन्हा बघ, आणि दहा मिनिटं चाललात की थांबून पुन्हा एकदा बघ. पाहुणे घाई करतील, त्यांना पॅनोरमा पॉइंटचा सूर्योदय गाठायचा असतो. करू देत घाई. खोगीर पोटाखाली फिरलं तर माणूस घोड्याच्या पायांत पडतो.

रिकीब बुटापेक्षा बोटभर रुंद हवी. अरुंद असली तर पडताना पाय अडकून माणूस फरपटत जातो, फार रुंद असली तर अख्खं पाऊल आरपार जातं. लांबी मापायला पाहुण्याला बोटांची टोकं खोगिराच्या कडीला लावायला सांग. रिकीब काखेपर्यंत पोचली की साधारण बरोबर. चपला, सँडल घालून आलेल्याला बसवू नकोस. हेल्मेट डोक्यावर हलवून बघ, कपाळाची कातडी सोबत हलली तर ते नीट बसलंय. पट्टा हनुवटीखाली लागलाच पाहिजे. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी पुन्हा कुणाला देऊ नकोस. ओढणी, कॅमेऱ्याचा पट्टा, काही लोंबकळू देऊ नकोस.

लगामाच्या लोखंडी कडीवर गंज असेल तर घासून काढ आणि कडा बोटाने चाचपून बघ, तोंडात जाणारी वस्तू आहे ती. लावल्यावर ओठाच्या कोपऱ्याला एखाद-दुसरी सुरकुती पडावी, जास्त नको.

नाल बघताना खूर टाचेकडून पुढे साफ कर, मधल्या मऊ भागाला साफ करायची आकडी टोचू नकोस. आपल्या तांबड्या मातीतले खडे नालेच्या आत बसतात. खिळ्यांची टोकं खुराबाहेर वर आलेली दिसली, किंवा चालताना नाल खडखडली, तर त्या दिवशी तो घोडा बाहेर काढायचा नाही. पेव्हर ब्लॉकवर धड नाल घसरते, तर सैल नालेचं विचारायलाच नको. तिथे घोडा पावलानेच ने, पाहुण्यांनी कितीही म्हटलं तरी.

पॉइंटवर थांबलात की लगामाने बांधू नकोस. घोडा बुजला तर लगाम तुटेल, नाहीतर त्याचं तोंड फाटेल. मोरकी, म्हणजे बांधायची दोरी लावतात तो तोंडावरचा पट्टा, लगामाच्या आतून घातलेली असू दे आणि तिच्याच दोरीने, ओढल्यावर सुटेल अशी गाठ मार.

कामावरचा मुलगा सामान चढवेल, पण घोडा निघण्याआधी शेवटचा हात तुझा फिरला पाहिजे, डोळ्यांत तेल घालून. चार पाहुणे एकदम आले तरीही.

नवा तंग पत्र्याच्या पेटीत ब्लँकेटखाली आहे, तो बिजलीला लाव, तिचा जुना मला उन्हाळ्यातच बरा वाटत नव्हता. नालबंद आला की तिचा मागचा डावा पाय आधी दाखव. आणि रात्री जेवण झालं की फोन कर, आई वाट बघते.

तुझा,
बाबा