गोळी हलकी केली की धक्का कमी झाला, असे नसते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या हरणांच्या शिकारीवर आलेला लेख वाचला. तिथले परवाने, थंडी, अंगावरची भडक नारिंगी जॅकेटे, सगळे वर्णन झकास उतरले आहे. मात्र 'नवख्याने किंवा बाईमाणसाने बंदुकीचा धक्का कमी बसावा म्हणून मिळेल ती सर्वांत हलकी गोळी घरी भरून वापरावी' हा त्यातला सल्ला अर्धवट आहे. मी वरणगावच्या आयुध निर्माणीत तपासणी विभागात नोकरी केली आणि निवृत्तीनंतर नागपुरात परतलो. काडतूस (पितळी पुंगळी, तिच्यात दारू आणि पुढे बसवलेली गोळी) हा विषय डोक्यातून काही जात नाही, म्हणून हे पत्र.

आधी एक छापील चूक. लेखात गोळीचे वजन '१२५ ग्रॅम' दिले आहे. ते ग्रेन हवे; गोळी आणि दारू या बारीक मापात तोलतात. १२५ ग्रॅम म्हणजे जवळजवळ पावणेअकरा तोळे. एवढा ऐवज २० मिलिमीटरच्या तोफेतून सुटतो, खांद्यावरून नव्हे. इतवारीच्या सराफ्यातली जुनी माणसे हे चटकन समजतील, कारण जुना तोळा बरोबर १८० ग्रेनचा आणि मासा १५ ग्रेनचा. म्हणजे १५० ग्रेनची गोळी दहा माशांची, १२० ची आठ माशांची. माणसे ज्या फरकावर वाद घालतात तो हा, दोन माशांचा.

आता धक्का येतो कुठून ते पाहू. नळीतून गोळी पुढे जाते आणि तिच्या पाठोपाठ जळलेल्या दारूचा वायूही सुटतो. तो गोळीपेक्षा बराच वेगाने सुटतो. हिशोबात सेकंदाला ४७०० फूट धरतात. .३०८ ची (म्हणजे .३०८ इंच व्यासाची गोळी उडवणारी) आठ पौंडांची रायफल घ्या. १५० ग्रेनची गोळी, ४५ ग्रेन दारू, वेग २८०० फूट: धक्का साधारण १६ फूट-पौंड (हे धक्क्याच्या जोराचे माप). गोळी १२५ ग्रेनची केली आणि दारू मात्र पुरेपूर भरली, तर वेग ३००० वर जातो आणि धक्का १४ च्या आसपास येतो. खांद्याला हा फरक कळला तर कळला. तीच १२५ ची गोळी ३२ ग्रेन दारूवर २३०० फुटांनी सोडली तर धक्का साडेसातवर उतरतो, निम्म्याहून खाली. (हे आकडे हिशोब समजण्यापुरते आहेत; कुणी भरण्याचे माप म्हणून घेऊ नयेत.) थोडक्यात, धक्का उतरतो तो दारू आणि वेग कमी केल्याने. हलक्या गोळीमुळे तेवढी सवलत घेता येते, एवढेच तिचे काम.

रायफलीच्या वजनाचेही तसेच. साडेसातचा तोच धक्का साडेसहा पौंडांच्या रायफलीत नऊच्या पुढे जातो. तरी दुकानदार बायका-मुलांच्या हातात हौसेने हलकी रायफल देतात. उचलायला बरी, झाडायला वाईट.

माझी मुलगी विस्कॉन्सिनला असते. तिथे बंदुकीने शिकारीचा हंगाम नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. जावई पट्टीचा शिकारी, त्याची .३०८ तिने घेतली आणि सरावात तिच्या गोळ्या खाली जाऊ लागल्या. 'होईल सवय,' असे जावयाचे म्हणणे. मी त्याला बाजूला घेऊन सांगितले, पुढच्या खेपेला तिला न सांगता मध्येच एक डमी, म्हणजे न उडणारे, काडतूस घाल. तिने चाप ओढला, नुसते टक् झाले आणि नळीचे टोक चांगले दोन बोटे खाली गेले. डोळे मिटलेले, खांदा पुढे आलेला, आणि बार तर उडालाच नव्हता! पोरीला स्वतःलाच हसू फुटले. 'बाबा, मी घाबरते का हो याला?' घाबरत नव्हती. बसणाऱ्या धक्क्याला शरीर आधीच तोंड देते, आणि ही खोड एकदा लागली की महिनोन्‌महिने जात नाही. म्हणूनच धक्का कमी करणे हे लाड नाहीत. नेम चुकून हरीण जखमी होऊ नये यासाठीची ती पहिली तजवीज आहे.

पण वेग उतरवला की गोळीच्या निवडीचा खरा पेच सुरू होतो, आणि लेखात नेमके तेच राहून गेले. कारखान्यात आम्ही जी ७.६२ मिलिमीटरची लष्करी काडतुसे तपासायचो त्यांची गोळी पूर्ण जॅकेटची, म्हणजे सगळीकडून धातूचे कवच असलेली, न फुलणारी. अंगात शिरल्यावर फुलणाऱ्या गोळ्या युद्धात वापरू नयेत असा १८९९ चा हेगचा जाहीरनामा आहे, आणि त्याला निमित्त झाल्या त्या कोलकात्याजवळच्या दमदम कारखान्यातल्या .३०३ च्या मऊ टोकाच्या गोळ्या. शिकारीत गणित उलटे. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत हरणावर न फुलणारी गोळी चालवणेच बेकायदा आहे, कारण ती आरपार निघून जाते आणि जनावर तासन्‌तास तडफडत राहते.

फुलायला मात्र गोळीला वेग लागतो. नेहमीच्या बऱ्याच शिकारी गोळ्या १८०० फुटांच्या खाली धड फुलत नाहीत. २३०० ने निघालेली १२५ ची गोळी दोनशे यार्डांवर त्या रेषेच्या जवळ येऊन ठेपते. म्हणून असे काडतूस भरले की दीडशे यार्डांपलीकडच्या हरणाकडे फक्त दुर्बिणीतून पाहायचे.

दुसऱ्या टोकाची फसगत म्हणजे त्याच व्यासात मिळणारी ११० ग्रेनची, कोल्ह्या-घुशींसारख्या लहान जनावरांसाठी बनवलेली गोळी. हलकी आहे, नेमालाही उत्तम. पण जॅकेट पातळ. पूर्ण वेगात ती हरणाच्या खांद्याच्या हाडावरच फुटून विखुरते, जखम उथळ राहते आणि जनावर झाडीत नाहीसे होते. 'सर्वांत हलकी' हा निकष लावला की माणूस नेमका हाच डबा उचलतो. .३०८ मध्ये नॉसलर कंपनीची १२५ ग्रेनची बॅलिस्टिक टिप किंवा सिएरा कंपनीची १२५ ची प्रो-हंटर ही गोळी हरणासाठीच बनलेली आहे. ७ मिमी-०८ हे काडतूस वापरणाऱ्यांना १२० ग्रेनची बॅलिस्टिक टिप आहे. वेग फारच कमी ठेवायचा असेल तर .३०० ब्लॅकआउट या छोट्या काडतुसासाठी मुद्दाम काढलेली बार्न्सची ११० ग्रेनची तांब्याची गोळी आहे; ती कमी वेगातही फुलते. ११० ग्रेन दोन्हीकडे, पण एक हरणाची आणि दुसरी अजिबात नाही.

दारूबाबत तर मनाने काहीच करू नये. सावकाश जळणारी दारू अर्धी पुंगळी भरून उडवली की कधीकधी दाब कमी होण्याऐवजी भलताच चढतो आणि रायफल फुटते. होजडन कंपनीने एच-४८९५ या दारूपुरता जाहीर नियम दिला आहे: त्या काडतुसाच्या छापील कमाल मापाच्या ६० टक्क्यांपर्यंत खाली येता येते. तो नियम दुसऱ्या दारूला लावायचा नाही. आणि काडतूस बदलले की रायफलीवरची दुर्बीण पुन्हा जुळवायचीच. मंद गोळी जुन्या नेमाच्या बरीच खाली लागते. जावयाने हे सगळे वहीत नोंदी ठेवून केले, म्हणून मुलीचे हरीण जागीच पडले. त्या मांसाचा रस्सा इथून पाठवलेल्या सावजी मसाल्यात झाला, तो तिकडच्या शेजाऱ्यांना जरा झेपला नाही म्हणतात.

आपला लेख वाचून आमच्या भागातल्या दोघा तरुणांनी मला घरी काडतुसे भरायचे यंत्र कुठे मिळेल असे विचारले, म्हणून हेही छापावे: आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चितळ, सांबर, काळवीट कशाचीच हौसेची शिकार करता येत नाही, आणि परवान्याशिवाय काडतूस तयार करणे १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे. नेमबाजीची हौस असेल तर त्यांनी एखाद्या रायफल क्लबात नाव घालावे. तिथे .२२ वर सुरुवात होते, आणि तिला धक्का नसल्यातच जमा.

आपला,
आयुध निर्माणीतला एक निवृत्त कर्मचारी
त्रिमूर्तीनगर, नागपूर