शेवटच्या चाळीस मिनिटांसाठी आभार

प्रिय ताई,

त्या दिवशी तुम्ही माझ्या शेजारी बसून तो आलेख नीट करून घेतलात. तोंडी आभार मानले, पण तेवढ्याने माझं समाधान झालं नाही. शिवाय तुम्ही दाखवलेलं आणखी कुणाच्या उपयोगी पडावं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

माझी तक्रार साधी होती. मॅटप्लॉटलिबमध्ये, म्हणजे पायथन भाषेतल्या आलेख काढायच्या साधनात, काढलेली तापमानाची रेघ चौकटीच्या कडांना टेकत नव्हती, दोन्हीकडे जागा उरत होती. ती घालवायला मी सेट_एक्सलिम या आडव्या अक्षाची हद्द ठरवणाऱ्या आज्ञेत ० आणि २०० मिनिटं हे आकडे घालून ठेवले होते. तुम्ही आलेख बाजूला ठेवून आधी नोंदींची फाइल उघडलीत. नव्या नोंदी २४० मिनिटांपर्यंत होत्या! तापमान चढायला लागलं होतं ते नेमकं शेवटच्या चाळीस मिनिटांत, आणि तेवढाच भाग माझ्या चौकटीबाहेर राहिला होता. अहवाल दुसऱ्या दिवशी जायचा होता.

मग तुम्ही मुळापासून सांगितलंत. २.० आवृत्तीपासून हे साधन नोंदींच्या विस्ताराच्या ०.०५ पट जागा प्रत्येक बाजूला आपणहून सोडतं. म्हणजे ० ते २४० साठी अक्ष उणे १२ ते २५२. आडव्या अक्षावर ती नको असेल तर मार्जिन्स या आज्ञेत एक्स=० द्यायचं. वर-खालची जागा तशीच राहते आणि अक्ष कुठे संपायचा हे नोंदीच ठरवतात. मार्जिन्स मी आधी वापरून पाहिलं होतं, पण काहीच हललं नाही म्हणून सोडून दिलं होतं. सेट_एक्सलिम त्या अक्षाचं ऑटोस्केल, म्हणजे नोंदींप्रमाणे हद्द आपोआप ठरणं, बंद करतं आणि माझ्या कोडमध्ये ती ओळ आधीच होती, हे तुम्ही बोट ठेवून दाखवलंत.

तुम्ही दिलेलं वहीच्या समासाचं उदाहरण तर मी कधी विसरणार नाही. चौकटीबाहेरची कोरी जागा हा कागदाचा समास, तो सबप्लॉट्स_ॲडजस्टने बदलतो. रेघ आणि चौकट यांच्यामधली जागा अक्षाची. या दोन्हींची मी कायम गल्लत करत आले होते.

स्तंभालेखात खाली जागा का सुटत नाही, हे मी जाता जाता विचारलं, तर त्यासाठीही तुम्ही थांबलात. स्तंभांचा पाया शून्यावर चिकटलेला धरतात, त्याला स्टिकी एजेस म्हणतात. जागा हवीच असेल तर यूज_स्टिकी_एजेस ही सोय फॉल्स, म्हणजे बंद, करायची. पण स्तंभ अधांतरी दिसतील, असंही तुम्ही बजावलंत, आणि ते मला पटलं.

परवा २६० मिनिटांच्या नोंदी आल्या. कोडमधला एकही आकडा बदलावा लागला नाही, रेघ शेवटच्या बिंदूपर्यंत दिसली. तो आलेख या पत्रासोबत तुम्हाला पाठवते आहे.

तुमची ऋणी,
शेजारच्या टेबलावरची