अलंकार ओळखला, पण कविता?

महोदय,

दहावीच्या मराठीच्या प्रश्नपत्रिकेत कवितेचे रसग्रहण विचारले जाते आणि आमच्या नागपुरात अनेक मुले त्याची तयारी ठराविक वाक्ये पाठ करून करतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. अलंकाराचे नाव लिहिले की काम संपले, अशी त्यांची समजूत होते.

बालकवींची ‘औदुंबर’ घ्या. अवघ्या ८ ओळी. झाडाने जळात पाय टाकून बसणे ही चेतनगुणोक्ती, म्हणजे निसर्गातल्या वस्तूला माणसासारखे वागताना दाखवणारा अलंकार आहे, हे अभ्यासू विद्यार्थी लगेच सांगेल. पण त्याआधी हिरवाळी, निळासावळा झरा आणि पांढरी पायवाट यांतून कवी आपल्याला काळ्या डोहाकडे नेतो आणि मगच ते स्वस्थ बसलेले झाड दाखवतो, हे ध्यानात आल्यावर त्या बसण्यात कुणाला विरक्ती जाणवेल, कुणाला उदासी, तर कुणाला निवांत तंद्री. यांपैकी ज्या अर्थाला कवितेतल्या शब्दांचा आधार दाखवता येईल, तो ग्राह्य धरलाच पाहिजे. (वाटेल तो अर्थ काढावा, असे मी म्हणत नाही, डोहाचा काळेपणा वगळून केलेले निव्वळ निसर्गवर्णन मला अपुरेच वाटते.)

शिक्षकांनी कविता आधी दोनदा मोठ्याने वाचावी, म्हणजे ‘ऐल तटावर पैल तटावर’ यातला नाद व्याख्येविना कानाला कळेल. आणि परीक्षकांनी मार्गदर्शकातल्या उत्तरापेक्षा वेगळ्या, परंतु साधार उत्तराला पूर्ण गुण द्यावेत, ही विनंती.

– एक निवृत्त मराठी शिक्षिका, धरमपेठ, नागपूर