सूचना : रविवारची बैठक, विषय चंपारण

सभासदांनो, रविवारी संध्याकाळी ५ वाजता नेहमीच्याच जागी बसायचं आहे. विषय बिहारातल्या चंपारणचा निळीचा तंटा, १९१७. गांधीजी गेले आणि जिंकले, एवढ्यावर कृपया थांबू नका; मागच्या वेळी तसंच झालं. बेतियाच्या जमीनदारीतली गावं पट्ट्याने घेतलेले गोरे मळेवाले कुळांना दर बिघा जमिनीतल्या २० पैकी ३ कट्ठ्यांत (कट्ठा म्हणजे बिघ्याचा विसावा भाग) नीळ लावायला भाग पाडत. जर्मन कृत्रिम रंगाने निळीचा भाव पडला, तर नीळ सोडून देण्याच्या बदल्यात हेच मळेवाले खंड वाढवून मागू लागले. खरी गोम इथे आहे, हे नीट वाचून या. मळेवाल्यांनी कुळांकडून उकळलेल्या रकमेतले फक्त २५ टक्के कुळांना परत मिळण्यावर समाधान मानायला गांधीजी का तयार झाले, यावर वाद होणारच. चहा मिळेल, खाऊ आपापला आणा.