वेल्डिंगने फोडलेले बांध

महोदय,
दुसऱ्या महायुद्धात, १९४४ च्या जुलैमध्ये, फ्रान्समधल्या नॉर्मंडीत अमेरिकी रणगाडे शेतांच्या बांधांपाशी अडले. झाडांच्या मुळांनी घट्ट धरलेल्या बांधावर चढताना रणगाड्याचे नाक वर जाई आणि तळाची पातळ बाजू शत्रूपुढे उघडी पडे. सार्जंट कर्टिस क्युलिन यांच्या तुकडीने जर्मनांनीच किनाऱ्यावर रोवलेले लोखंडी अडथळे कापून त्यांचे दाते रणगाड्यांना पुढे वेल्ड केले. दाते बांधात रुतले की नाक उठत नसे, इंजिनाच्या जोरावर बांधच फुटे. तिथल्या अमेरिकी सैन्याचे सेनापती जनरल ब्रॅडली यांनी प्रात्यक्षिक पाहून ही युक्ती लगेच उचलली, हे मला फार मोलाचे वाटते. आपल्याकडे कामगाराची सूचना अशी किती ठिकाणी ऐकली जाते? ठाण्यातल्या आयटीआयच्या मुलांना वेल्डिंग शिकवताना हा प्रसंग जरूर सांगावा.

– एक निवृत्त फिटर, वागळे इस्टेट, ठाणे