मॅडम, दोन्ही कामं करू दिलीत त्याबद्दल मनापासून थँक्यू

प्रिय मॅडम,

समोर बसून बोलायला गेलं की तुम्ही "अगं असू दे गं" म्हणून विषय बदलता, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

धोरण संशोधनातली नोकरी लागली तेव्हा कादंबरी अर्धवट होती आणि जो तो एकच सांगत होता, आता एक काय ते ठरव. संशोधनातल्यांना वाटायचं ही आकड्यांना तिखटमीठ लावणार, लेखक मंडळींना वाटायचं हिची पात्रं आता अहवालासारखी बोलणार. तुम्ही मात्र फक्त विचारलंत, "लिहितेस कधी?" सकाळी म्हटल्यावर टीमच्या मीटिंगा दुपारी घ्यायला लागलात, आणि करारात नोकरीच्या काळातलं सगळं लेखन संस्थेचं असं मोघम लिहिलं होतं तिथे स्वतःच्या वेळेत लिहिलेलं ललित लेखन माझं राहील ही ओळ भांडून घालून घेतलीत. मला तर तो मुद्दा सुचलाही नसता.

पण सगळ्यात मोठं ऋण त्या संमतीपत्राचं आहे. पेन्शनच्या अभ्यासात एका आजींनी पिशवीतून सगळ्या अर्जांच्या पोचपावत्या काढून तारखेप्रमाणे माझ्यासमोर मांडल्या होत्या, कुठला अर्ज कशासाठी परत आला हे त्यांना तोंडपाठ होतं. ऑफिसात येऊन मी म्हटलं हे तर कादंबरीतलं अख्खं प्रकरण आहे. तुम्ही शांतपणे संमतीपत्र पुढे केलंत आणि म्हणालात, "त्यांनी अभ्यासाला हो म्हटलंय, तुझ्या कादंबरीला नाही." नाव बदलून भागत नाही, वय, आजार, घरात कोण कोण हे एकत्र आलं की ओळखीचा माणूस लगेच ओळखतो, हेही तेव्हाच समजावलंत. रशियन कथालेखक चेखव १८९० मध्ये साखालिन या रशियाच्या कैदी पाठवायच्या बेटावर तिथल्या कैद्यांची छापील कार्डं भरत घरोघर फिरला आणि ते पुस्तक त्याने कथा म्हणून नाही तर आकड्यांसकट अभ्यास म्हणून लिहिलं, हेही तुमच्याचकडून कळलं.

आणि नाही म्हणून थांबला नाहीत. आजींची गोष्ट आजींची, पण फाइल कशी फिरते, कुठे अडते, ते नियम तर सगळ्यांचे आहेत, ते घे म्हणालात. चुकीचं नाव मंजूर झालं तर ऑडिटमध्ये क्लार्कची मान अडकते आणि खरा गरजू बाहेर राहिला तर त्याला कुणी जाब विचारत नाही, मग तो कागद परत पाठवणारच ना! हे कळलं आणि इतके दिवस नुसता खडूस वाटणारा माझ्या कादंबरीतला क्लार्क माणूस झाला. त्याच्या बाजूने विचार करता करता मला वाटलं की आपण अर्जदारांनाच प्रश्न विचारतोय, टेबलापलीकडच्याला काहीच नाही, आणि मी ते बोलल्यावर तुम्ही क्लार्कसाठी वेगळी प्रश्नावली करायला लावलीत. अहवालातला सगळ्यात कामाचा भाग त्यातूनच निघाला असं मला तरी वाटतं.

कादंबरीवर शेवटचा हात फिरवतेय. क्लार्कची प्रकरणं तुम्हाला मेल केलीत, नियम कुठे चुकला असेल तर बिनधास्त लाल करा आणि त्यात कुणी खरं माणूस ओळखू येतंय असं वाटलं तर आधी ते सांगा, मी ते पान पुन्हा लिहीन.

तुमची,
टीममधली कादंबरीवाली