पॉवर वीडरचे जेट मोठे करू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या ऑक्टोबरात हातगडाकडचा एक तरुण शेतकरी आपला पॉवर वीडर (तण काढायचे, माती भुसभुशीत करायचे छोटे पेट्रोल यंत्र) पिकअपमध्ये टाकून माझ्या अभोण्याच्या दुकानात आला. स्ट्रॉबेरीच्या लागवडीसाठी बेड पाडायचे होते आणि मशीन ओढेना. म्हणाला, "काका, मिस्त्री म्हणाला वर हवा पातळ, म्हणून पेट्रोल जास्त लागतं. त्याने जेट मोठा करून दिला. आधी एका दोरीत सुरू व्हायचं, आता नुसता धूर." जेट म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरमधला बारीक भोकाचा तुकडा, त्याच्यातून मोजके पेट्रोल येते.

प्लग काढला, तर काजळीने माखलेला. ऑईलची कांडी ओढली, तर ऑईल खुणेच्या वर, पाण्यासारखे पातळ, पेट्रोलचा वास. जळून न गेलेल्या पेट्रोलने सिलिंडरवरचा ऑईलचा थर धुऊन नेला होता आणि पिस्टनच्या रिंगा झिजल्या होत्या. ऐन लागवडीत त्याचे नऊ दिवस आणि साडेचार हजार रुपये गेले. त्यानंतर आजवर तार किंवा ड्रिल घालून मोठे केलेले अकरा जेट माझ्या टेबलावर आले आहेत. पावसाळ्याआधी मशिनी पुन्हा बाहेर निघतील, म्हणून हे पत्र.

वर हवा विरळ असते, एवढे त्या मिस्त्रीचे खरे. पण हवा कमी, तर तिच्यासोबत जळू शकणारे पेट्रोलही कमी. एक किलो पेट्रोल पुरते जळायला साधारण पावणेपंधरा किलो हवा लागते. कार्बोरेटरला हवेचे वजन कळत नाही. हवा विरळ झाली तरी तो पेट्रोल त्या मानाने कमी करत नाही, त्यामुळे उंचावर मिश्रण आपोआप जाड होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त; उलट झाले तर पातळ. त्यात जेटचे भोक ०.७० मिलिमीटरचे ०.८० केले, तर दिसायला केसाएवढा फरक, पण भोकाचे क्षेत्रफळ तीस टक्क्यांनी वाढते. म्हणजे आधीच जाड असलेल्या मिश्रणात आणखी जवळजवळ तिसरा हिस्सा पेट्रोल.

मी सैन्यात इंजिन मेकॅनिक होतो. तीन हिवाळे लेहला काढले. लेह साधारण ३५०० मीटरवर, तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन तृतीयांशाच्या आतच. आमच्याकडे छोट्या पेट्रोल जनरेटरांसाठी नंबर घातलेल्या जेटांची पत्र्याची डबी असायची. सेट वर आला की बारीक जेट घालायचा, खाली मैदानात गेला की मूळचा परत. एकदा खाली जाणाऱ्या सेटचा जेट बदलायचा माझ्याकडून राहिला. मैदानातल्या दाट हवेत मिश्रण पातळ पडले, वरून ऊन, इंजिन तापले आणि पिस्टन जाम झाला. तो पिस्टन मी स्वतः ठोकून बाहेर काढला, त्याची खरवडलेली बाजू अजून डोळ्यांसमोर आहे. तेव्हापासून जेटला हात लावण्याआधी मी मशीन कुठे चालणार हे विचारतो.

आता आपल्या जिल्ह्याचे बघा. नाशिक शहर सहाशे मीटरच्या आसपास, सप्तशृंगगडावरचे गाव बाराशेच्या आसपास. साल्हेरचा माथासुद्धा १५६७ मीटर, आणि तिथे कोणी वीडर चालवत नाही. माझ्या हातांखालून गेलेल्या यंत्रांच्या माहितीपुस्तिकांत १५०० मीटरच्या वर कायम वापर असेल तरच जेट बदला, असे लिहिले आहे, आणि तोही बारीक. शिवाय पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असते. इथेनॉलमध्ये स्वतःचा प्राणवायू असल्याने मिश्रण थोडे पातळ होते. बाराशे मीटरवर मिश्रण जेवढे जाड होते, तेवढे हे इथेनॉल जवळपास परत ओढून आणते. त्यामुळे आपल्या डोंगरपट्ट्यात जेट लहानही करू नये, मोठा तर नाहीच.

ताकद मात्र कमी होणारच, ती कोणत्याही जेटने परत येत नाही. दर ३०० मीटरला साधारण साडेतीन टक्के धरा. कागदावर सात हॉर्सपॉवर लिहिलेले मशीन नाशिकला साडेसहाचे आणि गडावर सहाचे. त्यासाठी इंजिनच्या फेऱ्यांना आवर घालणाऱ्या गव्हर्नरची स्प्रिंग ताणून फेरे वाढवणारेही आहेत. त्याने कनेक्टिंग रॉड तुटतो आणि चालवणाऱ्याच्या पायाशी तुटतो. एक पात्याची जोडी काढून रुंदी कमी करा, खोली दोन फेऱ्यांत घ्या.

मशीन गेल्या वर्षीपेक्षा कमी ओढत असेल तर शेत काही वर सरकलेले नाही, कारण दुसरीकडे आहे. बहुतेक वेळा एअर फिल्टरचा स्पंज लाल मातीने बुजलेला असतो, नाहीतर चोक अर्धा अडकलेला. तिसरे कारण म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीत चार महिने राहिलेले पेट्रोल. इथेनॉल पाणी ओढते आणि सुरगाण्याच्या पावसात ते किती ओढत असेल! हंगाम संपला की वाटी रिकामी करून ठेवा.

माझी विनंती कृषी विभागाला आणि विक्रेत्यांना आहे. सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करून शेतकरी अनुदानात यंत्र घेतो, पण पुस्तिका इंग्रजीत मिळते आणि दुकानातले प्रात्यक्षिक दोरी ओढून दाखवण्यावर संपते. बिलावर मूळ जेटचा नंबर लिहून द्यावा. मराठीत एक पानाचा कागद द्यावा. सुरगाणा आणि पेठच्या आठवडे बाजारात खरिपाआधी एक दिवस कार्बोरेटर उघडून दाखवावा. तिथल्या मिस्त्रींनाही बोलवावे, त्यांना कोणी शिकवलेलेच नाही. मूळ जेट सुरगाण्यात मिळत नाही, तो नाशिकहून मागवावा लागतो, म्हणूनही हात ड्रिलकडे जातो.

ज्यांनी जेट मोठा करून घेतला आहे त्यांनी दोरी ओढण्याआधी ऑईलची कांडी काढून वास घ्यावा. पेट्रोलचा वास आला तर ऑईल पूर्ण ओतून टाकावे, नवे भरावे, आणि मूळ नंबरचा जेट बसवल्याशिवाय मशीन शेतात नेऊ नये.

आपला,
एक माजी सैनिक व इंजिन मिस्त्री,
अभोणा, ता. कळवण, जि. नाशिक